साखरलेली ट्यूब

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी. मुक्काम : होस्टेल)

होस्टेलच्या प्रत्येक रूममध्ये एक डबा असतो. आमच्या रूममधला डबा मुळात फरसाणाचा. सिनियर लोक पास होऊन जाताना गादी, बादली आणि मेसची उधारी मागे ठेवून जातात, तसा हा डबाही दोन-तीन बॅचेसपासून वारसाहक्काने चालत आलेला आहे. त्यात हॅकसॉ ब्लेडचे तुकडे आहेत, मूठ नसलेला एक स्क्रू-ड्रायव्हर आहे, कोणाच्या तरी सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब आहे आणि ॲराल्डाइटच्या अर्ध्यामुर्ध्या पिळलेल्या ट्यूबा आहेत. मोजल्या तेव्हा अकरा भरल्या. सहा रेझिनच्या, पाच हार्डनरच्या. म्हणजे एका रेझिनचा जोडीदार वाटेत कुठेतरी हरवलेला.

हा लेख त्या अकरा ट्यूबांबद्दल आहे. मासिकाच्या संपादकांनी विषय ऐकल्यावर "बाकी काही नाही का?" असं विचारलं होतं. पण गेल्या हिवाळी परीक्षेत याच ट्यूबांनी आमच्या रूममेटचा एक पेपर जवळजवळ घालवला होता, म्हणून लिहितोच.

रूममेटला आम्ही मास्तर म्हणतो. गाव रिसोड तालुक्यात. चष्म्याचा नंबर इतका की चष्मा काढला तर समोरचा माणूस कोण हे त्याला आवाजावरून ओळखावं लागतं. हीट ट्रान्सफरच्या पेपरच्या आदल्या रात्री साडेदहाला त्याने चष्मा कॉटवर ठेवला आणि तोंड धुवायला गेला. तेवढ्यात आमच्यापैकी एक जण (कोण ते लिहीत नाही, कारण तो मीच) त्यावर बसला. नाकावरचा पूल मधोमध तुटला. वाशिममध्ये रात्री साडेदहाला चष्म्याचं दुकान उघडं असायचा प्रश्नच नाही. मग डबा काढला.

रेझिनची पहिली ट्यूब दाबली तर आतून पांढरा, रवाळ गोळा बाहेर आला.

"अबे, याची तं साखर झाली!"

"एक्स्पायर हाये. फेक."

फेकली. दुसरी तशीच निघाली, तीही फेकली. तिसरी बऱ्यापैकी पातळ होती. हार्डनर गडद पिवळा झालेला, पण वाहत होता. सकाळी नऊला पेपर, म्हणून लवकर सुकावं या हिशेबाने मी हार्डनर दुप्पट घातला. नावच हार्डनर, म्हणजे जास्त घातला की जास्त हार्ड होणार, हे आपलं लॉजिक. वर आणखी हुशारी म्हणजे चष्मा टेबल फॅनसमोर ठेवला, तोही डिसेंबरच्या थंडीत. सकाळी सहाला बघतो तर जोड च्युइंग गमसारखा. चष्मा उचलला की दोन भिंगं दोन दिशांना. मास्तरने तीन तासांचा पेपर डाव्या हाताने चष्मा नाकावर धरून लिहिला. डेटा बुकचं पान उलटायचं तर चष्मा सोडावा लागायचा, आणि चष्मा सोडला की पान दिसायचं नाही. पास झाला, कसाबसा. तीन दिवस माझ्याशी बोलला नाही ते वेगळं.

पेपर संपल्यावर मी त्या ट्यूबा घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो. फिटिंग सेक्शनच्या ज्या इन्स्ट्रक्टरांना सगळं कॉलेज काका म्हणतं, त्यांना सगळी कथा सांगितली. त्यांनी मधेच थांबवलं.

"पहिली चूक सांगू? त्या दोन फेकल्या, ते."

"पण काका, त्या खराब झाल्या होत्या ना."

"घरचा मध थंडीत साखरला तं फेकून देतं काय रे तू?"

एवढ्या एका वाक्यात अर्धा विषय संपला. उरलेला अर्धा मी लायब्ररीत बसून वाचला आणि मग रूमवर करून पाहिला, तो पुढे देतो.

घरगुती एपॉक्सीतलं रेझिन हे मुख्यतः बिसफेनॉल-ए पासून बनलेला एक रेणू असतो. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक छोटी तीनकोनी कडी असते, दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांची. हीच ती एपॉक्सी कडी. हा रेणू अगदी शुद्ध केला तर साधारण ४२ अंश सेल्सिअसला वितळतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या : त्याखालच्या तापमानाला, म्हणजे आपल्या खोलीत, तो खरं तर घनच असायला पाहिजे. ट्यूबमध्ये तो पातळ राहतो कारण त्याला गोठायला सुरुवात कुठून करायची हे सापडत नाही. रेणू लांबुडके, द्रव घट्ट, आणि कारखान्याचा माल अगदी शुद्धही नसतो. एक कण मिळाला, धुळीचा म्हणा किंवा टोपणाच्या आट्यांत अडकलेल्या रव्याचा म्हणा, की त्याभोवती स्फटिक जमायला लागतात. आधी धूसर दिसतं, मग रवाळ होतं, शेवटी गच्च.

याला सगळ्यात पोषक हवा कोणती? नुसती थंडी नव्हे. कडक थंडीत रेझिन इतकं घट्ट होतं की रेणूंना हलताच येत नाही. रात्री थंडी आणि दुपारी ऊब, पुन्हा रात्री थंडी, असा झोका बसला की थंडीत बीज पडतं आणि उबेत ते वाढतं. आता आपला डिसेंबर-जानेवारी आठवा. पहाटे दोन गोधड्या आणि दुपारी कँटीनसमोर हाफ शर्ट. खिडकीत ठेवलेल्या ट्यूबेला याहून चांगला झोका कुठे मिळणार? म्हणजे आमच्या ट्यूबा जुन्या झाल्या म्हणून गेल्या असं नव्हतं, त्या वाशिमच्या हिवाळ्यात खिडकीत होत्या एवढंच.

स्फटिक होणं ही रासायनिक क्रिया नाही. रेणू तोच राहतो, कडी शाबूत राहते, फक्त बसण्याची रीत बदलते. म्हणून ते उलटवता येतं, तूप पातळ करतो तसं. फेकलेल्या दोन्ही ट्यूबा कचऱ्याच्या बादलीत अजून होत्या. (आमच्या रूमचा कचरा रोज जात नाही, याचा जन्मात पहिल्यांदा फायदा झाला.) टोपण घट्ट लावून ट्यूब प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीतली हवा काढून गाठ मारली, आणि स्टीलच्या ग्लासात गरम पाणी घेऊन त्यात उभी केली. पाणी ५० ते ६० अंशांचं पाहिजे, म्हणजे बोट बुडवलं तर लगेच काढावंसं वाटेल इतकं. उकळतं नको. दहा-दहा मिनिटांनी पाणी बदललं आणि मधूनमधून ट्यूब पिशवीवरूनच चोळली. अर्ध्या-पाऊण तासात आतलं रेझिन काचेसारखं स्वच्छ झालं. इथे घाई करू नये. चार रवे जरी राहिले तरी तेच पुन्हा बीज होतात आणि आठवड्याभरात ट्यूब परत साखरते. टोपणाच्या आतला आणि तोंडावरचा रवाही चिंधीने पुसून घ्यावा. ट्यूब गॅसवर, इस्त्रीवर किंवा बादलीतल्या रॉडला टेकवून गरम करू नये. आमच्या विंगमध्ये हा विचार बोलून दाखवणारे दोघे निघाले, म्हणून लिहावं लागतं.

आणि वापरण्याआधी ट्यूब पुन्हा खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. गरम रेझिनमध्ये हार्डनर मिसळला तर हात चालायच्या आत मिश्रण घट्ट होतं.

सहाच्या सहा रेझिन ट्यूबा अशा परत आल्या. एकीवरची तारीख उलटून चार वर्षं झाली होती. कंपनी जी मुदत छापते तेवढ्या काळाची ती हमी देते, त्याबद्दल तक्रार नाही. पण मुदत संपली त्या रात्री रेझिन मरत नाही, बंद ट्यूबमध्ये ते पुष्कळ वर्षं टिकतं.

शंका घ्यायची ती हार्डनरवर.

नेहमीच्या सावकाश घट्ट होणाऱ्या प्रकारात हार्डनर हा अमाइन जातीचा असतो, म्हणजे त्यात नायट्रोजनला चिकटलेले हायड्रोजन असतात. हेच हायड्रोजन जाऊन एपॉक्सीची कडी उघडतात. अडचण अशी की अमाइनला हवेचीही ओढ असते. टोपण सैल राहिलं की तो हवेतला ओलावा आणि कार्बन डाय-ऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचे कार्बामेट क्षार होतात. ट्यूबच्या तोंडाशी पांढरी, मेणचट पापडी दिसते ती हीच. आता ही पापडी मात्र गरम पाण्याने परत येत नाही, कारण इथे खरोखरच रसायन बदललेलं असतं. थोडी असेल तर तेवढा भाग पिळून टाकून द्यावा, आत चांगला माल असतो. आतपर्यंत रबरासारखा किंवा दह्यासारखा फुटलेला असेल तर ट्यूब गेली. नुसता रंग गडद होणं हे मरणाचं लक्षण नाही, पिवळ्याचा तपकिरी झालेला हार्डनरही काम करतो, फक्त जोड काळपट दिसतो. पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या प्रकारातला हार्डनर बहुधा मरकॅप्टन जातीचा. त्याला सडक्या कांद्यासारखा वास येतो तो नवीन असतानाही येतो, त्यावरून खराब समजू नये.

आता माझी दुसरी चूक, दुप्पट हार्डनर. ही चूक मी एकट्याने केलेली नाही. विचारून बघा, निम्मं होस्टेल असंच करतं. याचं मूळ "सुकणं" या शब्दात आहे. फेव्हिकॉल सुकतो, त्यातलं पाणी उडून जातं. म्हणून तो लाकडाला चालतो आणि दोन स्टीलच्या पट्ट्यांमध्ये तसाच ओला राहतो, कारण पाण्याला जायला वाटच नसते. एपॉक्सीतून काही उडून जात नाही. जे दोन थेंब तुम्ही मिसळता ते सगळेच्या सगळे जोडात राहतात आणि त्यांचं एक जाळं बनतं. म्हणून त्याला पंखा दाखवून उपयोग शून्य. उलट थंड वाऱ्याने क्रिया मंदावते. मी रात्रभर तेच केलं होतं.

जाळं विणायला हिशेब लागतो : एका कडीला एक हायड्रोजन. स्टॉइकिओमेट्री पहिल्या वर्षाला शिकलो आणि परीक्षेनंतर विसरलो, ती इथे ट्यूबमध्ये बसलेली आहे. हार्डनर जास्त झाला तर सगळ्या कड्या पटापट संपतात आणि उरलेल्या हार्डनरच्या रेणूंचे हात मोकळे राहतात. जाळं अर्धवट, मधे सगळा मोकळा हार्डनर, म्हणजेच च्युइंग गम. रेझिन जास्त झालं तरी तेच, दुसऱ्या बाजूने. कंपनीने दोन ट्यूबांतला माल अशा बेताने बनवलेला असतो की सारख्या आकारमानाने घेतला की हिशेब जुळावा. बऱ्याच घरगुती जोड्यांत प्रमाण एकास एक असतं, पण खोक्यावर बघूनच घ्यावं. याच कारणाने एका कंपनीचं रेझिन आणि दुसरीचा हार्डनर, किंवा सावकाश प्रकारातलं रेझिन आणि झटपट प्रकारातला हार्डनर अशी आंतरजातीय लग्नं लावू नयेत. माणसांत अवश्य लावावीत.

मिसळण्याबद्दलही थोडं. टाइलच्या गुळगुळीत तुकड्यावर शेजारी-शेजारी दोन सारख्या लांबीच्या रेघा काढाव्यात आणि निदान दोन मिनिटं काडीने घोटावं, कडेचं खरवडून मधे घेत. रेझिन स्वच्छ आणि हार्डनर पिवळा असतो त्यामुळे रंगाच्या रेघा दिसायच्या थांबल्या की समजावं. डबीत खूप माल एकत्र कालवू नये. क्रिया स्वतःची उष्णता सोडते, गोळ्यातली उष्णता बाहेर जात नाही, त्याने क्रिया आणखी वेग घेते. गेल्या मे महिन्यात मिनी प्रोजेक्टसाठी एका ग्रुपने चहाच्या प्लॅस्टिक कपात भरपूर कालवलं. कप वाकडा झाला आणि आतून धूर निघाला. पसरून ठेवलेला माल तेवढा तापत नाही.

थोडं विषयांतर. हे सगळं सापडलं ते दातांमुळे. पियर कास्तां नावाचे स्विस रसायनशास्त्रज्ञ दातांच्या साहित्यासाठी पदार्थ शोधत होते, त्यांनी १९३८ च्या सुमारास एपॉक्सी रेझिनचं पेटंट मागितलं, आणि ते पुढे सिबा कंपनीकडे गेलं. ॲराल्डाइट हे नाव १९४६ पासूनचं, इंग्लंडमधल्या डक्सफर्डच्या एअरो रिसर्च लिमिटेडचं. विमानाची लाकडं आणि धातू चिकटवण्याचं काम करणारी ही कंपनी. भारतातला ॲराल्डाइटचा घरगुती धंदा २०२० साली हंट्समनकडून मुंबईच्या पिडिलाइटने घेतला, म्हणजे फेव्हिकॉल, एम-सील आणि ॲराल्डाइट आता एकाच घरात नांदतात. आपल्याकडे तर वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत वज्रलेपावर एक प्रकरणच लिहून ठेवलं आहे : कच्ची टेंभुर्णी, कवठ, सावरीची फुलं वगैरे पाण्यात आटवायची, त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल असं घालायचं आणि गरम-गरम लावायचं. आजी ज्याला चिकट म्हणायची ते बहुतेक सगळं त्यात आहे. तो लेप किती टिकेल याचा त्यांनी सांगितलेला आकडा इतका मोठा आहे की आजची कुठलीही कंपनी खोक्यावर छापणार नाही.

परत डब्याकडे. जुनी जोडी वापरायची की नाही हे ट्यूबकडे बघून कळत नाही, जोड करून बघावा लागतो. काकांनी सांगितलेली परीक्षा अशी. तुटलेल्या हॅकसॉ ब्लेडचे दोन तुकडे घ्यायचे. टोकाचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू काढायचा, पुसायचा, आणि अर्धा इंच एकावर एक येतील असे चिकटवून कपड्याच्या चिमट्यात धरून चोवीस तास ठेवायचे. शेजारी कागदावर उरलेल्या मिश्रणाचा एक थेंब. दुसऱ्या दिवशी थेंबाला नख लावायचं. नख उमटलं तर त्या जोडीवर भरवसा नाही. नख उमटलं नाही तर पट्ट्या ओढून बघायच्या.

इथे एक गंमत आहे. ब्लेडची रुंदी साधारण साडेबारा मिलिमीटर, म्हणजे जोडाचं क्षेत्रफळ १५६ चौरस मिलिमीटर. जोडाची शिअर स्ट्रेंग्थ अगदी बेताची, १० मेगापास्कल धरली तरी १५६० न्यूटन होतात, म्हणजे जवळपास १५९ किलो. मास्तर आणि मी दोघं लोंबकळलो तरी सुटू नये. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी पकडीने ओढून पाहिलं, हलला नाही. मग काकांनी तोच जोड हातात घेतला, एका टोकात स्क्रू-ड्रायव्हरचं पातं घालून अंगठ्याने उचकटला, आणि टक् करून तो उघडला. सरळ ओढताना सगळं क्षेत्रफळ भार घेतं, उचकटताना फक्त कडेची एक रेघ भार घेते. रेघ तुटली की पुढची रेघ, मग पुढची. शिअर आणि पील यातला फरक मी मशीन डिझाइनच्या पुस्तकात वाचला होता, पण तो टक् आवाज पुस्तकात नव्हता.

आमच्या पाच हार्डनरपैकी तीन पास झाले, दोन नापास. नापासांपैकी एकाचं टोपण रेझिनचं होतं. कोणीतरी कधीतरी टोपणांची अदलाबदल केलेली.

मग चष्मा. मास्तरच्या नंबरची भिंगं अकोल्याहून यायला आठवडा लागणार होता आणि मधे दोन पेपर होते. आधी माझा च्युइंग गम ब्लेडने पूर्ण खरवडला, कारण न पिकलेल्या थरावर नवा थर कधीच धरत नाही. तुटलेली टोकं घासली. आता नाकावरच्या पुलाला नुसतं समोरासमोर चिकटवून चालत नाही, चष्मा घालता-काढताना तिथे वाक येतो आणि क्षेत्रफळ तर उडदाच्या डाळीएवढं. म्हणून आधी टोकं जुळवून चिकटवली, दुसऱ्या दिवशी त्यावर शिवणाचा पांढरा दोरा मिश्रणात भिजवत दहा-बारा वेढे गुंडाळले. दोरा ताण घेतो, एपॉक्सी दोऱ्याला जागेवर धरतं. काचतंतूंचं एफआरपी हेच, आमचं रिळातलं. रात्री तो चष्मा पंख्यासमोर ठेवला नाही, स्टडी लॅम्पच्या जुन्या पिवळ्या बल्बखाली, हाताला कोमट लागेल इतक्या अंतरावर ठेवला. (हे सगळं चष्मा डोळ्यावरून काढूनच. हसू नका.) उरलेले दोन्ही पेपर मास्तरने दोन्ही हात मोकळे ठेवून लिहिले.

बल्ब का, तर तापमानाचा हिशेब. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग दुप्पट. २५ अंशांना ज्याला दीड तास हात चालवता येतो, ते मिश्रण मे महिन्यात ४२ अंशांना साधारण अर्ध्या तासात संपतं. तेच डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना चोवीस तासांचं काम दोन-तीन दिवसांवर नेतं. खोक्यावरचे आकडे ज्या हवेसाठी लिहिलेले असतात ती हवा वाशिमला फेब्रुवारीत पंधरा दिवस असते.

हीच उष्णता पिकलेल्या जोडाचीही परीक्षा बघते. खोलीत पिकलेलं घरगुती एपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. म्हणून कुकरचा दांडा, इस्त्री, पाण्याचा रॉड यांना ते नको. रॉडच्या बाबतीत तर दुसरा विचारच करू नये, तिथे जोड सुटणं म्हणजे शॉक. उलट बाजूने, चुकून भलतंच चिकटलं असेल तर गरम करून ते सोडवता येतं.

आणि डोक्यावर काही टांगायला तर कधीच नको. आमच्या विंगमध्ये एकाने कॉटच्या वर पुस्तकांची फळी लावली. खिळा ठोकायला परवानगी नाही, म्हणून दोन पत्र्याचे हुक पाच मिनिटांच्या एपॉक्सीने भिंतीला चिकटवले. लावल्यावर स्वतः लोंबकळून दाखवलं. मार्च गेला, एप्रिल गेला. भिंत पश्चिमेची. मे महिन्यात एका दुपारी फळी आणि थर्मोडायनॅमिक्सची दोन जाड पुस्तकं त्याच्या उशीवर आली. तो मेसमध्ये होता म्हणून वाचला. हुक बघितले तर ते तुटून पडलेले नव्हते, ओघळून खाली आले होते. मागे भिंतीवर ताणलेल्या चिकटाचा पट्टा.

याला क्रीप म्हणतात, आणि याने माणूस मेलेला आहे. १० जुलै २००६ रोजी अमेरिकेत बोस्टनच्या एका महामार्ग बोगद्यात छताचे काँक्रीटचे सुमारे २६ टन पॅनेल चालत्या गाडीवर कोसळले. गाडीतली स्त्री ठार झाली, शेजारी गाडी चालवणारा तिचा नवरा कसाबसा बाहेर आला. ते पॅनेल ज्या बोल्टांवर टांगले होते ते छतात एपॉक्सीने बसवलेले होते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २००७ च्या अहवालात कारण दिलं ते असं : वापरलेलं एपॉक्सी झटपट घट्ट होणाऱ्या जातीचं होतं, ते थोड्या वेळाच्या भाराला उत्तम टिकायचं, पण सतत टांगलेल्या भाराखाली हळूहळू ओघळायचं. बसवताना बोल्ट ओढून तपासले होते आणि ते पास झाले होते. १९९९ साली, बांधकाम चालू असतानाच, काही बोल्ट भोकातून खाली सरकलेलेही दिसले होते. हे वाचलं त्या दिवशी मी आमच्या विंगमधले सगळे हुक बघून आलो. तीन निघाले. लोंबकळून दाखवणं ही त्या जोडाची परीक्षाच नव्हती.

कशाला चिकटत नाही, तेही सांगून टाकतो कारण सगळ्यात जास्त ट्यूबा त्यातच वाया जातात. बादली, मग, टिफिनचं झाकण. ही बहुतेक पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथीनची असतात आणि त्यांच्यावर एपॉक्सी पिकतं छान, पण नखाने पापडीसारखं निघून येतं. ओळखायचं असेल तर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर सोडून द्या. चपलेला पण नको, चप्पल वाकते, एपॉक्सी वाकत नाही. चौकातल्या चांभारदादांकडे रबराचं सोल्युशन आणि सुई दोन्ही आहेत. पाणी प्यायच्या किंवा जेवायच्या भांड्याच्या आतल्या बाजूला लावू नये.

हाताला लागलं तर आधी कोरड्या कापडाने पुसून मग साबण-पाणी. थिनर किंवा पेट्रोल लावू नये, त्याने ते कातडीत आणखी मुरतं. न पिकलेल्या रेझिन-हार्डनरची ॲलर्जी एकदा शरीराला लागली की बहुधा जन्मभर राहते, पुढे थोडंसं लागलं तरी खाज सुटते. ज्यांना या लाइनमध्ये नोकरी करायची आहे त्यांनी विशेष जपावं.

ठेवण्याची आमची आताची पद्धत साधी आहे. रेझिनच्या ट्यूबेवर आणि तिच्याच टोपणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका (कोणाच्या बहिणीकडून आणलं ते गुपित), हार्डनरवर ठिपका नाही. वापरून झालं की तोंड पुसायचं, ट्यूबची शेपटी दुमडून माल वर आणायचा, मग टोपण. ॲल्युमिनियमची ट्यूब एकदा दाबली की दबलेलीच राहते, ही तिची मोठी खुबी. प्लॅस्टिकची ट्यूब फुगून पुन्हा हवा आत ओढते, म्हणून तिच्यातली हवा दाबून काढूनच टोपण लावावं. दोन्ही ट्यूबा वेगळ्या पिशव्यांत, तोंड वर करून. डबा आता खिडकीत नसतो, कॉटखाली पेटीत असतो, तिथे दिवसरात्र तापमान फार हलत नाही. फ्रीजमध्ये ठेवू का, असं एकाने विचारलं. रेझिनला तर नकोच, ते आणखी लवकर साखरेल. टोपण अडकलं तर पकडीने पिळू नये, ट्यूबची मान तुटते. टोपणावर गरम पाणी सोडावं. तरी नाही निघालं तर शेपटीकडून टाचणीने टोचून माल काढावा आणि ती ट्यूब लवकर संपवावी. मेलेला माल मोरीत ओतायचा नाही. कागदावर घेऊन, जमेल तितका एकमेकांत कालवून, घट्ट झाला की कचऱ्यात.

डब्यात आता सात ट्यूबा उरल्या आहेत. त्यातली एक रेझिनची अजून बिनजोडीदाराची आहे. कोणाकडे त्याच कंपनीचा, सावकाश प्रकारातला एकटा हार्डनर पडून असेल तर दुसऱ्या मजल्यावर आणून द्यावा. मास्तरने नवा चष्मा होळीनंतर घेतला. दोऱ्याचा जुना चष्मा स्पेअर म्हणून त्याच डब्यात असतो, कारण कॉट अजून तीच आहे आणि मीही अजून त्याच रूममध्ये आहे.